सोड्याची बरणी

यमुनेचा फोन दर दिवाळीला येतो. मी उचलते आणि पलीकडून तिचा तो शांत, कसलीच घाई नसलेला आवाज येतो, "नलू, बरी आसस मा गो?" मी बरी असतेच, पण त्या प्रश्नानंतर माझी अर्धा दिवस चिडचिड होते. सुनेला वाटतं, म्हातारीचा रक्तदाब वाढला. रक्तदाबाचा काही संबंध नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी मी हिचा जो मत्सर केला, तो अजून पुरता उतरलेला नाही, एवढंच. माणूस म्हातारं झालं की सगळ्यांना क्षमा करतं असं म्हणतात. म्हणोत बापडे.

आमचं घर मालवणात बंदरापासून थोडं आत, माडांच्या बागेत होतं. दिवसा गाज ऐकू यायची नाही, कारण दिवसभर आत्याचा आवाज चालू असे. आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, घर सांभाळत होती. तिला बाबा आक्का म्हणत. सकाळी पेजेचा वास, मग कोळणींची हाक, मग आत्याची बांगड्यांच्या भावावरून घासाघीस आणि त्या सगळ्याच्या मधोमध पडवीत बसलेले बाबा. बाबा हायस्कुलात शास्त्र शिकवत. शाळेची विहीर खाडीच्या अंगाला, तिचं पाणी मचूळ; आमच्या विहिरीचं पाणी मात्र जांभ्यातून झिरपलेलं, गोड आणि मऊ. त्यामुळे प्रयोगशाळेला लागणारी द्रावणं बाबा आमच्या घरीच बनवायचे. पाणी मोठ्या हंड्यात उकळून निववायचं, फडक्यातून गाळायचं. धुण्याचा सोडा कढईत भाजून त्यातलं पाणी उडवायचं आणि निवल्याबरोबर तोलायचा, कारण आमच्याकडच्या दमट हवेत तो पुन्हा ओला व्हायला वेळ लागत नसे. आत्या चुलीपाशी उभी राहून बोलायची, "माझ्या कढयेत सोडो भाजतंस! उद्या भाजयेक कसली चव येतली रे?" बाबा हसायचे आणि ढवळत राहायचे. भाजताना सोड्याचे खडे तडतडत, ओले होत आणि मग त्यांची पांढरी भुकटी व्हायची. तो आवाज मला फोडणीच्या आवाजाहून जास्त आवडायचा.

या सगळ्यात माझी एक जागा होती. काचेच्या पेटीतला नाजूक तराजू. खाऱ्या वाऱ्याने शाळेत त्याला गंज चढू लागला म्हणून बाबांनी तो घरी आणून ठेवला होता. त्याच्या वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं. पेटीचं दार लावून घ्यायचं आणि काटा थरथरत मधोमध येईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. बाबा आकडा सांगत, मी तोलत असे. सहावीपासून हे काम माझं होतं आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला खपत नसे. शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम नुकते आले होते, बाजारात बायका दुकानदारांशी भांडत होत्या आणि मी मात्र ग्रॅमच्या शंभराव्या भागाची गोष्ट करत होते. मैत्रिणींमध्ये माझा तोरा काय वर्णावा!

नववीच्या सुरुवातीला यमुना आली. धामापूरला बाबांचे एक बालमित्र होते, तिथल्या देवळाजवळ त्यांचं घर. घरात सहा-सात भावंडं, गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीचं एक वर्ष ती रोज कुठून कुठे चालत गेली, आणि मग बाबाच म्हणाले, "माझ्याकडे ठेव. नलूक सोबत होतली." मला सोबत हवी आहे का, हे कुणी विचारलं नाही. ती आली ती हातात एक ट्रंक, एक फणस आणि तळ्याकाठच्या सुरंगीचे वळेसार घेऊन. वळेसार तिने माझ्या केसांत माळले. आत्या तिथल्या तिथे तिच्यावर भाळली. मीसुद्धा पहिले आठ-दहा दिवस भाळले होते, हे कबूल करायला हवं.

बाबांना जेवताना गणितं घालायची खोड होती. पानावर उकडा भात, बांगड्याचं तिखलं, वाटीत सोलकढी आणि हवेत प्रश्न. द्रावणं किती तीव्र आहेत ते सांगायच्या इतक्या तऱ्हा का, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. लिटरला इतके ग्रॅम म्हणा नाहीतर शेकडा इतके म्हणा, मोलर आणि नॉर्मल हे आणखी कशाला? तेव्हा बाबांनी ताटाशी वाढायला आलेल्या आत्याकडे बोट दाखवलं. "ही बघ. माझी आक्का, तुझी आत्ये, शेजारच्या घरात मावशी. बाय एकच मा? कोण विचारता तेच्यावर नाव. सोड्याचा तसाच. लिटरात पाच पूर्णांक तीन ग्रॅम म्हण, शेकडा अर्ध्याहून जरासो जास्त म्हण, डेसिनॉर्मल म्हण. बरणीत आसा ता एकच." आत्या म्हणाली, "माका सोडो म्हणू नको म्हणजे झाला," आणि भात वाढून निघून गेली.

मी ही सगळी नावं पाठ केली होती. सोडा असेल तर हे, कॉस्टिक असेल तर ते. विचारा आणि मी सांगते. यमुना पाठ करत नसे. ती प्रश्न ऐकून थोडा वेळ गप्प बसायची, कालवलेला भात तसाच बोटांत, आणि मग उत्तर द्यायची. मला वाटे, मठ्ठ आहे. एका दुपारी बाबांनी विचारलं, "एक मोलर गंधकाम्ल. नॉर्मल किती?" मी घास गिळायच्या आधी म्हणाले, "एक." मिठाच्या आम्लाचं एकच होतं, म्हणून याचंही एक. यमुना थांबली आणि म्हणाली, "दोन. मिठाच्या आम्लाच्या रेणूकडे देऊक एकच हायड्रोजन आसा, हेच्याकडे दोन आसत." बाबांनी हात धुवायला उठता उठता तिच्याकडे जे पाहिलं, ते मी पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे ते कौतुकाने बघत, पण तिच्याकडे त्यांनी बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मला सोलकढी गोड लागेना. त्याच रविवारी बाबा म्हणाले, "आज यमुनेक तोलूक दे गो." आज म्हणाले, पण ते रोजचंच झालं.

मी काय काय केलं ते सांगते. तिचे केस माझ्याहून लांब होते म्हणून मी आत्याला सांगितलं की न्हाणीची मोरी तुंबते ती हिच्यामुळे. ती धामापूरकडचा एखादा शब्द बोलली की मी तो वर्गात तिच्या सुरात म्हणून दाखवायची. ती तराजूपाशी बसली की मला नेमकं पडवीतून जायचं असे, आणि पावलं जरा जोरात पडत. काटा हलायचा. ती काटा थांबायची वाट बघायची. तिने एकदा तरी माझ्या अंगावर वसकन ओरडायला हवं होतं. ती ओरडली असती तर आज मला तिचा फोन घ्यायला इतका त्रास झाला नसता.

आम्ही अकरावीत होतो. प्रात्यक्षिक परीक्षेआधी बाबा वर्गाची एक रंगीत तालीम घेत. सोड्याचं डेसिनॉर्मल द्रावण, समोर डेसिनॉर्मल आम्ल, थेंब थेंब सोडून रंग पालटेपर्यंत मोजायचं. दोन्ही सारख्याच तीव्रतेची, तेव्हा वीस मिलिलिटर सोड्याला वीसच आम्ल लागायला हवं. सगळ्या वर्गाला मिळून आठ लिटर सोडा लागणार होता, आणि एवढं मोठं भांडं घरात एकच होतं. खारातल्या आंब्यांची चिनी मातीची बरणी. गळ्यापर्यंत दहा लिटर मावणारी. माघ महिना होता, गेल्या वर्षीच्या कैऱ्या संपून ती धुऊन वाळवून ठेवलेली होती. आत्याने कुरकुरत दिली. शनिवारी दुपारी बाबांनी सोडा भाजला, यमुनेने बेचाळीस पूर्णांक चार ग्रॅम तोलला, बाबांनी आठ लिटर पाणी मोजून घातलं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि ती माजघरात ठेवली. मी दारात उभी होते. बाबा म्हणाले, "नलू, माजघरात जाशीत तेव्हा धक्को लावू नको." यमुनेला नाही सांगितलं, मला सांगितलं.

सोमवारी शाळेचा शिपाई गडी घेऊन आला आणि बरणी घेऊन गेला. दुपारी तालीम सुरू झाली. मी आम्ल सोडत होते, थेंब थेंब, आणि सोळावर रंग फिरला. पुन्हा केलं, पुन्हा सोळा. शेजारी यमुनेचं सोळा. मागच्या बाकावरच्या, कधीच काही बरोबर न येणाऱ्या मुलांचंही सोळा. बाबांनी स्वतः करून बघितलं. सोळा. आम्ल बाबांनी शाळेतच बनवून कपाटात कुलपात ठेवलेलं होतं, ते चुकणं शक्य नव्हतं. सोडाच पातळ होता. मुलांना घरी पाठवून बाबांनी आम्हा दोघींना थांबवलं. शाळेत ते आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलत. "द्रावण ऐंशी टक्केच भरतंय. हे कसं झालं?"

यमुना पुढे झाली. "सर, वजन माझंच चुकलं असेल."

बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत होते. यमुनेचं वजन चुकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्यावर कोण जळतं हेही ठाऊक होतं. मालवणात ते कुणाला ठाऊक नव्हतं? "नलिनी," ते म्हणाले. एरवी मी त्यांची नलू किंवा बाय. "तुला काही सांगायचं आहे?"

मी काही केलेलं नव्हतं. खरं सांगते, मला तेव्हा सगळ्यात आधी वाईट वाटलं ते याचं की इतकी सोपी गोष्ट मला सुचली कशी नाही. मग राग आला. आणि त्या रागात, बाबांच्या रागाहून मला जास्त झोंबलं ते यमुनेचं ते वाक्य. ती मला वाचवत होती! माझ्या बाबांपासून मला वाचवणारी ही कोण? तिथेच शिपाई बाटल्या आवरत पुटपुटत होता, "मास्तरांनी सोळा बाटल्यो धुवक सांगल्यानी, आणि सोडो भरता भरता वीस झाल्यो. चार बाटल्यो मगे माकाच शोधून धुवच्यो पडल्यो."

बाटल्या अर्ध्या लिटरच्या होत्या. माझ्या डोक्यात हिशेब आपोआप फिरला. पाठ केलेला नव्हे, पहिल्यांदाच समजून. सोडा कमी तोलला असता तर द्रावण पातळ झालं असतं, पण भरलं असतं आठच लिटर, सोळा बाटल्या. वीस बाटल्या म्हणजे दहा लिटर. आठ लिटरांतला सोडा दहा लिटरांत पसरला की बरोबर ऐंशी टक्के होतो. म्हणजे यमुनेचं वजन अचूक होतं, आणि कुणीतरी दोन लिटर पाणी ओतलं होतं. आणि माजघरात जाणारी, तराजू गमावलेली, अशी घरात एकच व्यक्ती होती. मी गप्प बसले असते तर यमुनेची चूक म्हणून ते तिथेच मिटलं असतं. पण मग ती आयुष्यभर माझ्यासाठी खोटं बोललेली थोर मुलगी राहिली असती. ते मला सोसवलं नसतं. त्यापेक्षा चोर ठरलेलं बरं.

"वजन चुकलेलं नाही," मी म्हणाले. "बाटल्या मोजा, वीस आहेत. दोन लिटर पाणी जास्त पडलंय."

बाबांनी बाटल्या मोजल्या. मग आकडे फळ्यावर मांडले, पुसले. "हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "मग ते पाणी कुणी ओतलं?"

"मला माहीत नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले. ते नेहमी आमच्याबरोबर घरी यायचे. त्या दिवशी आम्ही दोघी बाजारातून मागोमाग चालत आलो, यमुना एका कडेने, मी दुसऱ्या कडेने. सुक्या मासळीच्या ढिगांपाशी ती म्हणाली, "नलू, माका तेंच्यासमोर बोलूचा नाय होता काय?" मी भरभर पुढे निघाले.

रात्री जेवायला बसलो. बाबा गणित घालेनात. पान वाढता वाढता आत्याच बोलली, "काय रे, ती बरणी शाळेतसून परत कधी येतली? आणि परत अशी अर्धी ठेवू नको हां. ती आंब्यांची बरणी. काठापर्यंत नसली की वाऱ्यान नासता सगळा. शनिवारी सांजेक बघतंय तर ही अशी खाली! हंड्यात तुझा उकळलेला पाणी उरला होता, ताच दोन तांबे घातलंय. कच्चा नाय हां घालूक."

बाबांच्या हातातला घास तसाच राहिला. मग ते हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला आणि यमुनेने पाण्याचा गडू पुढे केला, आणि तीही हसत होती. आत्या दोघांकडे आळीपाळीने बघत विचारत होती, काय झाला, काय झाला. खारातल्या कैऱ्यांच्या बरणीत वरती हवा राहिली की बुरशी येते, म्हणून ती वर्षभर ती बरणी भरत आलेली होती. तिने सोड्याचीही तशीच राखण केली होती. मला हसू येत नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "तुमका मीच वाटललंय मा?"

हसणं थांबलं. बाबा खोटं बोलत नसत, तो त्यांचा गुणही होता आणि दुर्गुणही. "होय," ते म्हणाले. "तूच वाटललंस."

मी यमुनेकडे वळले. "आणि तुका?"

तिने मान खाली घातली. "माकाय."

"मग खोटा कित्याक बोललंस?"

"तुका बोल लागात म्हणान," ती म्हणाली. मी पानावरून उठले. आत्याने मागून हाक मारली, मी वळले नाही. मागच्या अंगणात विहिरीपाशी बसून मी रडले, आणि रडताना मला कळत नव्हतं की जास्त रडू कशाचं येतंय. बाबांनी माझ्यावर संशय घेतला त्याचं, की यमुनेनेही तो घेतला आणि वर माझ्यावर दया केली, त्याचं. आज विचाराल तर सांगते. दयेचं.

थोड्या वेळाने बाबा अंगणात आले. माझ्या शेजारी विहिरीच्या कठड्यावर टेकले. चुकलं, असं ते काही म्हणाले नाहीत, त्या काळचे बाप म्हणत नसत. "वीस बाटल्यांचा बरा ध्यानात इला तुझ्या," एवढंच म्हणाले. नंतर म्हणाले, "बोल आपल्यार येता ह्या कळत असताना बोललंस." मी म्हटलं, "ती माझ्यासाठी खोटा बोललेली माका नको होता." त्यांना ते किती समजलं, मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी सोडा पुन्हा बनवायचा होता. बाबांनी सोडा भाजला, बरणी आणली आणि आत्याला हाक मारली. "आक्का, ह्या वेळेक बरणी आम्हीच काठापर्यंत भरतंव. मगे तुका घालूक जागाच उरूची नाय." आत्या म्हणाली, "आता शाणपण इला," आणि पदर खोचून हंड्यातलं पाणी काढायला लागली. तिच्या रिवाजात बसावं म्हणून बाबांनी आपलं रसायनशास्त्र आठ लिटरांवरून दहावर नेलं. आजच्या कुठल्या प्रयोगशाळेत असं होत असेल असं मला वाटत नाही.

तराजू पडवीत मांडलेला होता. बाबांनी पेटीचं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि चिमटा माझ्या हातात दिला. यमुना पेटीच्या पलीकडे बसली होती, काटा बघायला. मला आत कुठेतरी मोकळं वाटायला लागलं. "दहा लिटर, डेसिनॉर्मल," बाबा म्हणाले. "ग्रॅम किती?"

सोपं होतं. लिटरला पाच पूर्णांक तीन, दशांश एक घर सरकवायचा, झालं. पण मी त्या चिमट्याकडे बघत होते, बाबांनी तो मला परत दिला याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडातून काही निघेना. पेटीच्या काचेतून मला यमुनेचा चेहरा दिसत होता. तिचे ओठ उघडले. उत्तर तिच्या जिभेवर आलेलं मी पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि काट्याकडे बघायला लागली. ती थांबली होती, नेहमीसारखी, काटा थांबायची वाट बघावी तशी, आणि या वेळी ती माझी वाट बघत होती.

"त्रेपन्न," मी म्हणाले.

"शाब्बास गो बाय," बाबा म्हणाले.

ती शाब्बासकी मी साठ वर्षं जपून ठेवली आहे, आणि ती माझी नाही, हेही साठ वर्षं मला ठाऊक आहे. यमुना पुढे कोल्हापूरला कॉलेजात रसायनशास्त्राची प्राध्यापिका झाली. मी मालवणातच शाळेत शिकवलं. मुलांना वर्षानुवर्षं हाच हिशेब घालत आले आणि दर वेळी एखादी मुलगी उत्तर तोंडात धरून शेजारणीसाठी गप्प बसताना दिसली की मी तिला ओरडले, "येत असेल तर सांग ना गो, कुणासाठी थांबलीस?" मुलींना वाटे, बाई कडक आहेत. दिवाळीला फोन वाजला की मी तो उचलते. "बरी आसस मा गो?" ती विचारते आणि माझं उत्तर येईपर्यंत, किती का वेळ लागेना, पलीकडे गप्प राहते.